वाट आणि मुक्काम : १८९९ सालच्या दोन पुस्तकांविषयी

काही पुस्तकांचे दुर्दैव असे असते की, ती वाचली जाण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला असतो. एडुआर्ट बर्नस्टाइन यांचे 'समाजवादाची गृहीतके आणि सोशल डेमॉक्रसीची कार्ये' हे पुस्तक आणि रोझा लुक्झेंबुर्ग यांनी त्याला उत्तर म्हणून लिहिलेली 'सामाजिक सुधारणा की क्रांती ?' ही पुस्तिका, या दोहोंच्या वाट्याला हे दुर्दैव आले. दोन्ही जर्मन भाषेतील, दोन्ही १८९९ सालची. पहिल्याच्या लेखकाला पक्षबांधवांनी 'संशोधनवादी' म्हटले आणि तो शब्द पुढे पाऊणशे वर्षे शिवी म्हणून वापरला गेला. दुसरीच्या लेखिकेला हौतात्म्य लाभले आणि हुतात्म्यांची पुस्तके लोक मस्तकी लावतात, उघडत मात्र नाहीत. समाजवाद पायरीपायरीने, कायद्याच्या वाटेने आणता येईल काय, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने पूर्वी कोणी मांडला नव्हता व त्यानंतरही फारसा कोणी मांडलेला नाही. म्हणून या दोन ग्रंथांकडे निकालपत्रे म्हणून न पाहता ग्रंथ म्हणून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मासिकाच्या वाचकांना या विषयात वेगळी गोडी वाटावी, असे मला वाटते. आपल्यापैकी पुष्कळांचा सुधारणेशी येणारा संबंध पुस्तकी नाही. विधिमंडळात कायदा संमत होतो, त्याचे नियम तयार होतात, नियमांवरून परिपत्रके निघतात आणि अखेर कुठल्याशा परप्रांतातील जिल्ह्याच्या ठिकाणी एका मेजावर ते कागद येऊन पडतात. सुधारणा म्हणजे काय व ती कुठे अडते, हे त्या मेजामागे बसणाऱ्याला व्यासपीठावरील वक्त्यापेक्षा अधिक कळते. बर्नस्टाइन आणि रोझा या दोघांचे वाचन अशा माणसाने करावे. त्याला दोघांच्याही विवेचनातील पोकळ जागा चटकन ऐकू येतील.

मराठी वाचकाला साध्य-साधनाचा वाद आचार्य जावडेकरांमुळे परिचित आहे. 'आधुनिक भारत' (१९३८) वाचलेल्या पिढीने सत्याग्रही समाजवादाची चर्चा पुष्कळ केली. परंतु तिथला प्रश्न साधनाच्या शुद्धतेचा होता. जर्मनीतील हा वाद त्याहून कोरडा आणि म्हणून एका अर्थी अधिक कठीण आहे. हिंसा वाईट की चांगली, हा त्यात मुद्दाच नाही. सुधारणांची वाट समाजवादाच्या मुक्कामाला मुळात पोचते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

बर्नस्टाइन यांचा जन्म १८५० साली बर्लिनमध्ये झाला. वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. मुलगा बँकेत कारकून झाला. हा कारकून बाविसाव्या वर्षी समाजवादी पक्षात शिरला. १८७८ साली बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा केला, तेव्हापासून १९०१ पर्यंत म्हणजे जवळजवळ दोन तपे त्यांना मायदेशी राहता आले नाही. झुरिचमध्ये त्यांनी पक्षाचे मुखपत्र संपादिले. ते चोरवाटांनी जर्मनीत जाई. १८८८ मध्ये स्विस सरकारने त्यांना देशाबाहेर घालविल्यावर ते लंडनला आले. तेथे एंगल्सच्या विश्वासातील मंडळींत त्यांची गणना झाली आणि एंगल्सच्या लेखनाच्या वारशाची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्यांत ते एक होते. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, सौम्यपणाचे तत्त्वज्ञान आरामखुर्चीत जन्मते असा जो समज आहे, तो येथे लागू पडत नाही. हा मनुष्य परागंदा होता, त्याच्यावर वॉरंट होते आणि मार्क्सवादाच्या गाभाऱ्यात त्याचा वावर होता.

१८९१ साली एर्फुर्ट येथे पक्षाने जो कार्यक्रम स्वीकारला त्याचे दोन भाग आहेत. तात्त्विक भाग कार्ल काउट्स्की यांनी लिहिला व व्यावहारिक भाग बर्नस्टाइन यांनी. वरच्या भागात लहान उत्पादकांचा विनाश, भांडवलाचे केंद्रीकरण, वाढती विपत्ती आणि अटळ पालट यांचे गंभीर चित्र आहे. खालच्या भागात सार्वत्रिक मताधिकार, आठ तासांचा दिवस, मोफत शिक्षण, मोफत औषधोपचार, चढत्या श्रेणीचा प्राप्तिकर अशा मागण्यांची यादी आहे. वर प्रलय आणि खाली यादी. मध्ये जिना नाही. आठ वर्षांनी बर्नस्टाइन यांनी जे पुस्तक लिहिले ते, माझ्या मते, या न बांधलेल्या जिन्याविषयीचे पुस्तक आहे. खालच्या भागाच्या लेखकाने वरच्या भागाच्या लेखकाला विचारले की, तुमचा प्रलय आलाच नाही तर माझ्या यादीचा अर्थ काय ?

पुस्तक वाचायला सुखद नाही. ते 'नॉये त्साइट' पत्रातील लेखमालेतून वाढले आणि त्याची रचना विस्कळीत राहिली. हेगेलच्या द्वंद्ववादावर पहिल्या भागात जे लिहिले आहे ते बेताचेच आहे. तत्त्वज्ञान हा बर्नस्टाइन यांचा प्रांत नव्हे. परंतु ते आकड्यांकडे वळतात आणि लेखणीत बळ येते. प्रशियातील प्राप्तिकराच्या नोंदी, कारखान्यांची गणना, शेतीच्या धारणा हे सारे ते बँकेतल्या जुन्या सवयीने तपासतात आणि सांगतात की मध्यमवर्ग नाहीसा होत नाही. लहान उद्योग टिकून आहेत, संपन्न माणसांची संख्या घटण्याऐवजी वाढते आहे, भाग-कंपन्यांमुळे मालकी पसरते आहे, आणि पूर्वीसारखी जगव्यापी आर्थिक अरिष्टे नजीकच्या काळात येतील असे दिसत नाही. यांतील शेवटचे भाकीत फसले, हे सर्वांस ठाऊक आहे. पहिली दोन मात्र टिकली. ज्या मध्यमवर्गाचे मरण मार्क्सवादी ग्रंथांत इतक्या वेळा जाहीर झाले, तोच आज हे मासिक वाचतो आहे.

मग निष्कर्ष काय ? बर्नस्टाइन म्हणतात की, लोकशाही हे समाजवादाचे साधन आहे व तिचे स्वरूपही आहे. मजूर संघटना, सहकारी संस्था, नगरपालिका आणि मताधिकार यांतून समाजवाद तुकड्यातुकड्याने घडतो. पक्षाने आपण जे प्रत्यक्षात आहोत तसेच दिसण्याचे धैर्य दाखवावे. म्हणजे आपण लोकशाही-समाजवादी सुधारणेचा पक्ष आहोत, असे म्हणावे. अंतिम ध्येय म्हणून जे काही म्हटले जाते त्याला आपल्या लेखी किंमत नाही, चळवळ हेच सर्वस्व आहे, अशा आशयाचे जे वाक्य त्यांनी १८९८ साली लिहिले त्याने युरोपभर खळबळ उडाली. ते वाक्य संदर्भाशिवाय इतके फिरले की मूळ विवेचन त्याखाली दडपून गेले. पक्षाचे चिटणीस इग्नाट्स आउअर यांनी त्या वेळी बर्नस्टाइन यांना खाजगी पत्रात कळविले की, बाबा रे, अशा गोष्टींचा ठराव करायचा नसतो, त्या बोलायच्याही नसतात, त्या करायच्या असतात. या पत्राला पुष्कळांनी धूर्तपणाचा नमुना म्हटले आहे. मला त्यात कारभारी माणसाची एक सनातन नजर दिसते. कचेऱ्यांतून वावरणाऱ्या कोणालाही आउअर ओळखीचे वाटतील.

आता रोझा. १८७१ साली रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये जन्मलेली ही ज्यू तरुणी झुरिचची डॉक्टरेट घेऊन १८९८ च्या मेमध्ये बर्लिनला आली आणि त्याच वर्षी बर्नस्टाइन यांच्यावर तुटून पडली. तिचे वय सत्तावीस, त्यांचे अठ्ठेचाळीस. बर्नस्टाइन यांचे गद्य हिशेबनिसाचे आहे, तर रोझाचे तलवारबाजाचे. एकेक मुद्दा ती असा उचलते की वाचक श्वास रोखून धरतो. पतपुरवठा भांडवलशाहीला सावरतो म्हणता ? तो तर अरिष्टाला धार लावतो. भागधारकांची संख्या वाढली म्हणून भांडवलदार वाढले म्हणता ? मग आपल्याला मालमत्ता आणि उत्पादनसंबंध यांतील भेदच समजला नाही. मजूर संघटनांनी नफ्याचा वाटा हळूहळू खाऊन टाकावा म्हणता ? ते काम ग्रीक पुराणातील शिसिफसचे आहे. शिळा डोंगरावर ढकलायची आणि ती पुन्हा खाली यायची. (या उपमेने संघटनांचे पुढारी फार दुखावले आणि त्यांनी ती तिला कधीही क्षमा केली नाही. हे काम आवश्यकच आहे असेही तिने बजावले होते, पण उपमा लक्षात राहते, पुस्ती राहत नाही.)

तिच्या पुस्तिकेतील खरा मौल्यवान भाग याहून शांत आहे आणि वादाच्या धुराळ्यात तो नेहमी हरवतो. ती विचारते की, कायद्याने भांडवलशाही कशी रद्द कराल ? सरंजामी समाजात वर्गाची सत्ता कायद्यात लिहिलेली होती. भूदास जमिनीला बांधलेला आहे, असे कायदा म्हणत असे. सबब कायदा बदलून भूदासत्व नाहीसे करता आले. परंतु मजुराला कारखान्याच्या दारात नेऊन उभा करणारा कायदा कुठे आहे ? कोणताही कायदा त्याला भांडवलाच्या जोखडाखाली जाण्याची आज्ञा करीत नाही. उपजीविकेचे साधन हाती नसल्यामुळे तो आपण होऊन जातो. जी सत्ता कायद्याने दिली नाही ती कायद्याने काढून कशी घेणार ? म्हणून सुधारणा आणि क्रांती या एकाच मुक्कामाच्या दोन वाटा, एक संथ व एक जलद, असे समजणे चूक होय. जो क्रांतीच्या ऐवजी सुधारणा निवडतो तो वेगळी वाट निवडीत नाही, वेगळा मुक्काम निवडतो. त्याला मिळेल ती सुधारलेली भांडवलशाही.

हा युक्तिवाद मी पुनःपुन्हा वाचला आहे, आणि त्याला बर्नस्टाइन यांच्या पुस्तकात उत्तर सापडत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यांनी सहकारी संस्था आणि नगरपालिका यांची उदाहरणे दिली, पण मोठ्या उद्योगाची मालकी सहकाराच्या हाती कशी येणार हे ते सांगत नाहीत. तथापि युक्तिवादाला एक तडा आहे. मजुरी कायद्यात लिहिलेली नाही हे खरे, पण मालमत्ता लिहिलेली आहे. कंपनी ही तर केवळ कायद्याचीच निर्मिती. मर्यादित जबाबदारी, भाग, मतदानाचा हक्क, लाभांश, ही सारी कायद्याची अपत्ये आहेत. ज्याने त्यांना जन्म दिला तो त्यांचे रूप बदलू शकणार नाही काय ? या तड्यातून पाऊणशे वर्षांनी एका माणसाने आत शिरण्याचा प्रयत्न केला. त्याच्याकडे मी पुढे येतो.

रोझाची दुसरी बाजू अधिक कच्ची आहे. भांडवलशाही आपल्याच विसंगतींनी कोसळणार, या सिद्धान्तावर ती सर्व भार टाकते. तो काढून घेतला तर समाजवाद ही ऐतिहासिक आवश्यकता उरत नाही, ती निव्वळ सदिच्छा होते, असे ती म्हणते. येथे बर्नस्टाइन अधिक निर्भय ठरतात. कोसळणे अटळ नसेल तर समाजवाद न्याय्य आहे म्हणून हवा, असे ते कांटकडे बोट दाखवून सांगतात. एखादी गोष्ट होणारच आहे म्हणून तिच्या बाजूने उभे राहण्यात विशेष नैतिक पराक्रम नाही. १९०० व १९०७ ची मंदी आली, १९२९ ची तर जग हादरविणारी होती. दर वेळी भांडवलशाही कोसळली नाही, आणि जर्मनीत तिच्या ढिगाऱ्यातून जे वर आले ते समाजवादाहून फार निराळे होते.

भारतीय वाचकाने बर्नस्टाइन यांना आणखी एका कारणासाठी जाब विचारायला हवा. त्यांच्या पुस्तकात वसाहतींविषयी काही परिच्छेद आहेत. रानटी लोकांचा ते राहतात त्या भूमीवरील हक्क सशर्तच मानता येतो आणि उच्चतर संस्कृतीचा अधिकार अखेर उच्चतर असतो, अशा आशयाचे ते लिहितात. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली, तेव्हा वसाहतधोरण तत्त्वतः त्याज्य मानू नये या डच प्रतिनिधी फान कोल यांच्या बाजूला बर्नस्टाइन उभे राहिले. काउट्स्की विरुद्ध होते. अखेर ती भूमिका १०८ विरुद्ध १२७ मतांनी पडली. त्याच परिषदेत मुंबईच्या मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकविला. एकोणीस मतांचा तो फरक वाचताना अंगावर काटा येतो. सौम्य, समंजस, आकड्यांत रमणारा हा गृहस्थ आपल्या देशातील मजुराला एकेक पायरी वर चढविताना तो जिना कुणाच्या अंगणात उभा आहे, हे पाहत नव्हता. रोझाने १९१३ च्या 'भांडवलाचा संचय' या ग्रंथात ब्रिटिश सत्तेने हिंदी ग्रामव्यवस्थेचा विध्वंस कसा केला याचे विवेचन केले. तिचा आर्थिक सिद्धान्त तज्ज्ञांना पटलेला नाही, पण ती कुठे पाहत होती हे महत्त्वाचे आहे.

पक्षाने वादाचा निकाल रोझाच्या बाजूने दिला. १८९९ मध्ये हानोव्हर येथे आणि १९०३ मध्ये ड्रेस्डेन येथे संशोधनवाद ठरावाने नाकारण्यात आला. व्यवहार मात्र आउअर यांच्या सल्ल्याप्रमाणे चालू राहिला. १९१२ च्या निवडणुकीत पक्षाने एकतृतीयांशाहून अधिक मते आणि ३९७ पैकी ११० जागा मिळविल्या, आणि ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच पक्षाने युद्धासाठी कर्ज मंजूर केले. पुढील प्रसंग कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. युद्धाला विरोध म्हणून १९१७ साली जो स्वतंत्र पक्ष निघाला त्यात बर्नस्टाइन, काउट्स्की आणि रोझाचा स्पार्टाकस गट असे सगळेच होते. माणसाची तात्त्विक भूमिका आणि त्याचे कठीण वेळचे वर्तन यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो.

१९१८ चा नोव्हेंबर आला. एर्फुर्टच्या यादीतील ज्या मागण्यांसाठी सत्तावीस वर्षे सभा, अर्ज, निवडणुका झाल्या, त्यांतील मुख्य मागण्या तीन दिवसांत पदरी पडल्या. ९ तारखेला कैसर गेला. १२ तारखेच्या जाहीरनाम्याने आठ तासांचा दिवस जाहीर झाला, वीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाला, शेतमजुरांविरुद्धचे खास कायदे रद्द झाले. प्रशियातील तीन वर्गांची मतदानपद्धती, जी कोणत्याही सुधारकाला हलविता आली नव्हती, ती वाऱ्यावर उडाली. सुधारणांची यादी क्रांतीने पुरी केली ! बर्नस्टाइन यांच्या अनुयायांनी या गोष्टीचा विचार क्वचितच केला आहे. उलट रोझाच्या भक्तांनी पुढची गोष्ट विसरू नये. आठ तासांचा दिवस १९२३ च्या डिसेंबरात वटहुकुमाने सैल करण्यात आला, दहा तासांची मुभा आली. क्रांतीने दिलेलेही टिकविण्यासाठी तीच संथ, कंटाळवाणी, शिसिफसची संघटना लागते.

१५ जानेवारी १९१९ च्या रात्री रोझाला व कार्ल लीब्क्नेख्ट यांना स्वयंसैनिकांच्या तुकडीने बर्लिनमध्ये ठार मारले. रोझाचे प्रेत कालव्यात टाकले गेले आणि अनेक महिन्यांनी सापडले. त्या वेळी राज्य तिच्या जुन्या पक्षाचे होते आणि लष्करी कारवाई त्या पक्षाच्याच नोस्के यांच्या हाती होती. क्रमविकासाची वाट रक्तहीन असते, असे म्हणणाऱ्याने या रात्रीवरून डोळे फिरवू नयेत. जुनी सेना, जुने न्यायाधीश, जुने अधिकारी जसेच्या तसे ठेवून नव्या राज्याने सुरुवात केली आणि चौदा वर्षांनी त्याची किंमत मोजली. बर्नस्टाइन १८ डिसेंबर १९३२ रोजी वारले. सहा आठवड्यांनी हिटलर सत्तेवर आला. १९३३ च्या मेमध्ये मजूर संघटना आणि जूनमध्ये पक्ष बंद झाला. हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध राइश्टागमध्ये ९४ मते पडली, ती सगळी या सुधारणावादी पक्षाची होती, हेही नोंदविले पाहिजे.

जर्मनीतील परीक्षा युद्धाने आणि नाझींनी बिघडविली, असे कोणी म्हणेल. म्हणून अशा देशाकडे पाहिले पाहिजे जिथे युद्ध झाले नाही, लोकशाही मोडली नाही आणि सुधारणावादी पक्ष १९३२ पासून १९७६ पर्यंत जवळजवळ अखंड सत्तेवर होता. तो देश स्वीडन. मी ज्या माणसाचा उल्लेख केला तो रूडोल्फ माइडनर. १९१४ साली ब्रेस्लाऊ येथे जन्मलेला हा तरुण १९३३ मध्ये नाझींपासून पळून स्वीडनला आला आणि तेथील मजूर महासंघाचा अर्थतज्ज्ञ झाला. ब्रेस्लाऊ हे नाव या कथेत विलक्षण रीतीने पुनःपुन्हा येते. १९०२ साली बर्नस्टाइन राइश्टागवर निवडून आले ते ब्रेस्लाऊमधून. १९१८ साली रोझा ज्या तुरुंगातून सुटली तोही ब्रेस्लाऊचा. आज ते शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे.

माइडनर यांची योजना मजूर महासंघाने १९७६ च्या अधिवेशनात उचलून धरली. ती अशी. मोठ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक नफ्यापैकी २० टक्क्यांइतक्या किमतीचे नवे भाग काढावेत आणि ते वेतनधारकांच्या सामुदायिक निधीला द्यावेत. रोख रक्कम बाहेर जात नाही, भांडवल कंपनीतच राहते. जुन्या मालकाचे काही हिसकावून घेतले जात नाही. फक्त वर्षानुवर्षे निधीचा वाटा वाढत जातो आणि कंपनी जितका अधिक नफा मिळवील तितक्या लवकर, काही दशकांत, बहुमत श्रमिकांकडे येते. रोझाने विचारले होते की कायदा मालकीला हात कसा लावणार. माइडनर यांचे उत्तर असे की, भाग हा कायद्याचा कागद आहे, नवा भाग काढण्याचा नियम बदला. माझ्या वाचनात बर्नस्टाइन यांच्या तत्त्वाला मिळालेले हे सर्वांत चतुर आणि सर्वांत गंभीर रूप आहे. चळवळीला येथे पुन्हा अंतिम ध्येय सापडले होते आणि त्याला तारीखही होती.

पुढे काय झाले ? १९७६ च्या सप्टेंबरात पक्ष निवडणूक हरला ; त्यात अणुऊर्जेचा वादही होता, पण निधीची भीतीही होती. १९८२ मध्ये तो परत सत्तेवर आला तोवर योजना घासूनपुसून गुळगुळीत झाली होती. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये या निधीविरुद्ध सुमारे ७५,००० लोकांचा मोर्चा निघाला. कारखानदार, दुकानदार, छोटे व्यावसायिक असे लोक रस्त्यावर उतरले. मोर्चा म्हणजे मजुरांचा, ही आपली समजूत तेथे उलटी झाली. डिसेंबरात कायदा झाला, पण कसला ! पाच प्रादेशिक निधी, प्रत्येकाला एका कंपनीतील मतांच्या ८ टक्क्यांची मर्यादा, आणि भरणा १९९० पर्यंतच. चर्चा चालू असताना अर्थमंत्री फेल्ट आपल्या आसनावर बसून या निधींची टवाळी करणारी कविता खरडीत होते आणि एका छायाचित्रकाराने ती टिपली. वाङ्मयीन मासिकात हे सांगायला हरकत नाही की काव्य म्हणून ती फार सामान्य आहे. परंतु ज्या मंत्र्याने विधेयक मांडले त्यालाच ते पटलेले नव्हते, हे त्या ओळींनी जगाला कळले. १९९१ मध्ये नवे सरकार आले आणि त्याने निधी मोडून टाकले. पैशाचा मोठा भाग संशोधनसंस्थांना गेला.

येथे क्रमविकासाचा जो दोष उघडा पडतो त्याची दखल रोझानेही पुरेशी घेतलेली नाही. पायरीपायरीने चालणारा सुधारक प्रत्येक पायरीवर प्रतिपक्षाला पुढच्या पायरीची सूचना देत असतो. माइडनर यांचा अहवाल आणि कायदा यांत सात-आठ वर्षे गेली. मालकांच्या संघटनेला तयारीसाठी याहून जास्त काय हवे ? आपल्याकडे ज्यांनी कमाल जमीनधारणेची प्रकरणे हाताळली आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कायदा येणार अशी कुणकुण लागल्यापासून तो लागू होईपर्यंतच्या काळात जमिनी कोणाकोणाच्या नावावर चढतात, हे दप्तरातच दिसते. लोकशाहीत हा अवधी टाळता येत नाही, कारण चर्चा म्हणजेच अवधी. आणि लहान योजनेला अवधी मिळाला तर ती सुधारते. मालकी बदलणारी योजना मात्र त्या अवधीत झिजते. स्वीडनमध्ये आरोग्य, शिक्षण, वृद्धवेतन ही सर्व बांधणी टिकली, पुष्कळशी आजही आहे. मालकीचा प्रश्न आला तेवढ्यावर गाडी थांबली. रोझा म्हणाली होती की या वाटेने मुक्काम बदलतो. स्वीडनपुरते पाहता तिचे म्हणणे खरे ठरले. फक्त तो दुसरा मुक्काम तिने मानला होता त्यापेक्षा पुष्कळ बरा निघाला, आणि लाखो सामान्य माणसांनी तो समजून उमजून पत्करला, ही गोष्ट तिच्या हिशेबात कुठे बसत नाही.

यावरून कोणी दुसऱ्या वाटेची शिफारस करील तर त्याने रोझाचेच आणखी एक लिखाण वाचावे. १९१८ च्या शरदात ब्रेस्लाऊच्या तुरुंगात तिने रशियन क्रांतीवर टिपण लिहिले. ते तिच्या मृत्यूनंतर १९२२ साली प्रसिद्ध झाले. लेनिन आणि ट्रॉट्स्की यांच्या धाडसाचे कौतुक करून ती बजावते की, वेगळे मत असणाऱ्याला जे मिळते तेच खरे स्वातंत्र्य. सार्वत्रिक निवडणुका, मुद्रणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य गेले की सार्वजनिक जीवन निपचित पडते आणि जिवंत अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नोकरशाही. सोव्हिएत सत्ता एक वर्षाचीही झालेली नव्हती, तेव्हाची ही ओळख आहे. १९९१ साली ती सत्ता संपली तेव्हा तिच्या चरित्राचे पहिले खरे वाक्य तुरुंगातील या बाईने लिहिलेले होते, असे म्हणता येईल.

उलट बर्नस्टाइन यांच्या लंडनमधील स्नेहमंडळींचे काय झाले ? फेबिअन सिडनी वेब, एके काळचे वसाहतखात्यातील कारकून, यांनी १९२३ साली मजूर पक्षाच्या परिषदेत क्रमिकतेची अपरिहार्यता सांगितली. पुढे सिडनी व बिअट्रिस वेब रशिया पाहून आले आणि १९३५ साली त्यांनी सोव्हिएत साम्यवादावर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात 'एक नवी संस्कृती ?' असे प्रश्नचिन्ह होते. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे मॉस्कोत जुन्या बोल्शेविकांवर खटले चालू असताना, लेखकद्वयाने ते प्रश्नचिन्ह काढून टाकले. क्रमिकतेच्या महान पुरस्कर्त्यांना अखेर मोह पडला तो लोकांच्या मताचा नव्हे, तर सुव्यवस्थित कारभाराचा. सुधारणा वरून, जाणकारांच्या हातून, व्हावी अशी ज्याची वृत्ती आहे त्याला हुकूमशाहीतील नियोजन परके वाटत नाही. अधिकारी वाचकांनी रागावू नये, पण ही वृत्ती आपल्याही कचेऱ्यांतून कमी नाही.

दोन्ही पुस्तके आज वाचायची झाल्यास रोझाची पुस्तिका आधी घ्यावी, कारण ती प्रश्न विचारते. कायदा आणि मालकी यांच्या संबंधावरील प्रकरण सावकाश वाचावे. अरिष्टांवरील भाग भराभर चाळला तरी चालेल. नंतर बर्नस्टाइन यांचे शेवटचे प्रकरण वाचावे, वसाहतींवरील परिच्छेद वगळू नयेत. आणि त्यांच्या जोडीला माइडनर यांनी १९९३ साली इंग्रजीत लिहिलेला निबंध ठेवावा. त्याचे शीर्षकच स्वीडिश प्रतिमान का अयशस्वी झाले, असे विचारते. एकोणऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने त्यात कोणावर दोषारोप केला नाही, आपला मूळ हेतूही मागे घेतला नाही.